कडक भाकरी घेऊन ठाणे-वाशी: गटातल्या बायांसाठी तीन दिवसांचा हिशोब

दोघींच्या तिकिटाचा ठराव मंजूर व्हायला आमच्या बचतगटाला दोन बैठका लागल्या. "विकायचं नाही तर जाताय कशाला?" असं सगळ्याजणी विचारत होत्या, आणि विचारणं रास्तच होतं. मंगळवेढ्याजवळच्या आमच्या गावात अकराजणींचा गट कडक भाकरी आणि शेंगाचटणी करतो. माल पंढरपूर-सोलापूरपर्यंत जातो. वारीला हातोहात खपतो, एरवी पडून राहतो. प्रशिक्षणात पडद्यावर 'उदयोन्मुख बाजारपेठ' असं मोठ्या अक्षरात आलं की आम्ही सगळ्या माना हलवतो. ती बाजारपेठ दिसते कशी, माल कोण घेतं आणि मुख्य म्हणजे पैसे किती दिवसांनी देतं, एवढंच बघून यायचं होतं. म्हणून संक्रांत झाल्यावर मी आणि माझी थोरली जाऊ निघालो.

सोबत दोन पिशव्या. एकीत साठ भाकऱ्या, दुसरीत चटणीची चाळीस पाकिटं. पहिली चूक तिथंच झाली. आमची चटणी उखळात कुटलेली, तिला तेल सुटतं. घरच्या हातमशीननं मारलेलं एकेरी सील रात्रभराच्या प्रवासात दमलं. पहाटे कल्याणला उतरलो तेव्हा पिशवीचं बूड आणि जाऊबाईंचा पदर दोन्ही तेलकट. तुम्ही तेलाचा पदार्थ नेणार असाल तर जाड पाऊच घ्या, दोनदा सील मारा आणि नमुने पिशवीत न नेता पत्र्याच्या डब्यात उभे लावून न्या.

कल्याणहून ठाण्याला लोकलनं. आम्ही उजाडायच्या आत होतो म्हणून निभावलं. आठ ते अकरामध्ये मुंबईच्या दिशेची गाडी सामान घेऊन धरायच्या फंदात पडू नका, भाकरीचा भुगा होईल.

ठाण्यात नौपाड्यात पायी फिरा. पोळी-भाजी केंद्रं किती आहेत ते मोजायला गेलो आणि मध्येच सोडून दिलं. संध्याकाळी सहानंतर ऑफिसातून परतणारी माणसं रांगेत उभी असतात, कुणी चार पोळ्या, कुणी पावशेर भाजी. आम्ही दुपारी तीनला गेलो. ही वेळ लक्षात ठेवा, कारण तेव्हाच मालकीणबाई बोलायला मोकळ्या असतात. एका केंद्रातल्या काकूंनी आमची भाकरी हातात घेतली, बोटानं टिचकी मारून आवाज ऐकला, मोडली, तुकडा तोंडात टाकला.

"मालदांडी?"

जाऊबाईंचा चेहरा असा फुलला की विचारू नका. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण ठाण्यात कुणी चवीवरून ओळखेल असं वाटलं नव्हतं. काकू मूळच्या बार्शीकडच्या निघाल्या. मग त्यांनी कौतुक बाजूला ठेवून आमची शाळा घेतली. भाकरी केवढी मोठी! त्यांच्या कागदी पिशवीत मावत नाही, मावली तर कड मोडते, आणि मोडकी भाकरी गिऱ्हाईक परत करतं. डब्यात बसेल अशी, फुलक्याहून जरा मोठी करा. पाकिटात चारच ठेवा. आणि "किती दिवस टिकते?" याला जाऊबाईंनी "दोन महिने" म्हणताच पुढचा प्रश्न आला, "लिहिलंय कुठं?"

कुठंच नव्हतं. आमच्या लेबलवर गटाचं नाव, देवीचं चित्र आणि मोबाइल नंबर. काकूंनी ड्रॉवरमधून दुसऱ्या एका गटाचं पाकीट काढून समोर ठेवलं आणि मी वहीत उतरवून घेतलं: घटकपदार्थ जास्तीकडून कमीकडं, पोषणमूल्यं, निव्वळ वजन, किंमत आणि एका ग्रॅमला किती पडते तो दर, बॅच नंबर, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, हिरवा ठिपका, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन-ईमेल, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक. आणि एक गोष्ट, जी शेंगाचटणी करणाऱ्या शंभरातल्या नव्वदजणींना माहीत नसेल: शेंगदाणा हा ॲलर्जीचा पदार्थ धरला जातो, त्यामुळं 'यात शेंगदाणे आहेत' असं वेगळं लिहावं लागतं. जाऊबाई म्हणाल्या, "अवं, शेंगाचटणीत शेंगा नसतील तर काय खोबरं असंल?" पण नियम आहे.

काकूंनी वीस भाकऱ्या ठेवून घेतल्या आणि गल्ल्यातून पैसे मोजून हातात दिले. उधारी नाही, 'बघू' नाही.

त्याच संध्याकाळी घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या दुकानात गेलो. नाव लिहीत नाही. थंडगार हवा, चकचकीत फरशी, खरेदी बघणारा मुलगा अगदी अदबीनं बोलला. चटणी त्याला आवडली. लेबल सुधारा, बारकोड घ्या, मग दरमहा मोठी ऑर्डर देऊ म्हणाला. मी मनातल्या मनात गटाला फोनसुद्धा लावला. मग अटी आल्या. मालाचे पैसे साठ दिवसांनी. न खपलेला माल परत, भाडं आमचं. फळीवर जागा देण्याचे सुरुवातीला वेगळे पैसे.

बाहेर येऊन बसस्टॉपवर बसलो आणि जाऊबाईंनी बोटांवर हिशोब मांडला. समजा महिन्याला चाळीस हजारांचा माल दिला. पहिल्या महिन्याचे पैसे यायच्या आत दुसऱ्या महिन्याचा माल जाणार, म्हणजे ऐंशी हजार बाहेर. शेंगदाणे, ज्वारी, मिरची आपण रोखीनं आणतो. कुटणाऱ्या, थापणाऱ्या बाईला दर आठवड्याला मजुरी द्यावी लागते. एवढी तर गटाची सगळी बचत नाही. "मग हे ऐंशी हजार कुणाच्या घरातनं आणायचं?"

प्रशिक्षणात डोक्यावरून गेलेली एक गोष्ट मला तेव्हा आठवली. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लहान उत्पादकाचे पैसे ठरलेल्या तारखेला, आणि लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावेच लागतात. मुदत लेखी ठरली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. यासाठी 'उद्यम', म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी हवी. ती ऑनलाइन, फुकट होते आणि गटाच्याही नावानं करता येते. कुणी एजंट पैसे मागत असेल तर उठून या. तक्रार याच कायद्यातल्या सुविधा परिषदेकडं करता येते, पण खरं सांगते, एकुलत्या एका मोठ्या गिऱ्हाइकावर तक्रार करायला कुठल्या गटाचं काळीज होणार आहे? म्हणून कायदा वापरायचा तो ऑर्डर घेताना. बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि मुदत ऑर्डरच्या कागदावरच लिहून घ्या. 'खपलं तर पैसे' असं वाक्य कागदात दिसलं तर ती ऑर्डर नाहीच. आपला माल त्यांच्या फळीवर ठेवायला आपणच त्यांना पैसे देतोय, असं समजा.

मुक्काम कोपरखैरण्याला आत्यांकडं. आत्यांचे यजमान, म्हणजे मामा, वाशीच्या बाजार समितीत माथाडी होते. सिडकोनं माथाडींसाठी बांधलेल्या वसाहतीतलं घर, आता त्यावर दोन मजले चढलेत. दुसऱ्या दिवशी मामाच आम्हाला मार्केटात घेऊन गेले. कोपरखैरण्याचं पुढचंच स्टेशन तुर्भे. ठाण्याहून येत असाल तर ट्रान्स हार्बरची गाडी ९ किंवा १० नंबर प्लॅटफॉर्मवरून धरा. तुर्भ्याहून मार्केटला रिक्षा मिळते. भाजी मार्केट बघायचं तर पहाटे जा, उजाडल्यावर जाल तर पाला झाडताना बघाल. मसाला मार्केट आणि दाणाबंदर, म्हणजे धान्याचं मार्केट, दिवसाचं, आरामात साडेदहाला. रविवारी जाऊ नका.

मसाला मार्केटच्या मिरचीच्या गल्लीत शिरण्याआधी पदर नाकाला लावा. आम्ही लावला तरी दोघी शिंकत होतो, मामा मात्र ढिम्म. एका पेढीवर शेठनी तीन पोती उघडली. मूठभर मिरची उचलून कानाजवळ हलवली. सुकी असेल तर आत बी वाजतं. मग एक मिरची दुमडली. कट्कन मोडली तर ठीक, नुसती वाकली तर ओल आहे, म्हणजे मिरचीच्या भावानं पाणी घेताय आणि महिन्याभरात बुरशी. "ताई, रंग एकीचा आणि तिखट दुसरीचं," ते म्हणाले. ब्याडगी रंगाला, गुंटूर तिखटाला. आम्ही इतकी वर्षं गावच्या दुकानातून मिळेल ती एकच मिरची आणतोय आणि दर खेपेला चटणीचा रंग वेगळा का, म्हणून एकमेकींवर खापर फोडतोय!

देठासकट आणि बिनदेठाची असे दोन भाव असतात. देठाचं वजन धरून हिशोब करा, स्वस्त दिसणारी कधीकधी महागच पडते. शेठनी प्रामाणिकपणे सांगितलं की समोरचा माल शीतगृहातला आहे, नवा मार्चात येईल तेव्हा या. पोत्याखाली देणार नाही म्हणतात, पण दोन-तीन गटांनी मिळून एक पोतं घेतलं तर भाड्यासकट परवडतं. शेजारच्या गावातल्या गटाशी आमचं तसं बोलणं चाललंय.

जेवताना मामांनी माथाडीचा कायदा सांगितला, १९६९ चा. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्याचा विषय निघाला की मामा जेवण विसरतात. मुद्द्याची गोष्ट एवढीच: मालक मजुरी आणि वरची लेव्ही माथाडी मंडळाकडं भरतो, मंडळ कामगाराला पगार आणि भविष्यनिर्वाह निधी देतं. "म्हणून व्यापाऱ्याचं दुकान बुडालं तरी आमचा पगार बुडला नाही," मामा म्हणाले. जाऊबाईंनी माझ्याकडं बघितलं. बसस्टॉपवरचे ऐंशी हजार दोघींच्या डोक्यातून गेलेच नव्हते.

त्याच दुपारी वाशीत फिरताना मला दोन जुन्या गोष्टी नव्यानं कळल्या. लिज्जत पापड १९५९ मध्ये गिरगावात सातजणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केला, हे आपण सगळ्यांनी भाषणांत ऐकलंय. त्यांचं उडीद-मुगाचं पीठ वाशीत दळलं जातं हे कमी जणींना माहीत असेल. पण भाषणात कधीच न सांगितलेली गोष्ट ही की लिज्जतचे वितरक माल उचलतानाच रोख देतात, कारण पापड लाटणाऱ्या भगिनींना मजुरी रोजच्या रोज द्यायची असते. आधी बाईची मजुरी ठरली, मग विक्रीची अट. आपण उलटं करतो.

दुसरी गोष्ट अन्नपूर्णा महिला मंडळाची. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांची अडचण स्वयंपाकाची नव्हतीच. गिरणीकामगार पैसे देणार महिन्याला, वाणी आणि सावकार व्याज लावणार आधीपासून. मधल्या तीस दिवसांत बाईचे दागिने जायचे. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी चौदाजणींना बँकेचं कर्ज मिळवून दिलं आणि तो मधला खड्डा भरला. पन्नास वर्षांनी घोडबंदर रोडवर तोच खड्डा, फक्त तीसचे साठ दिवस झालेत.

हा खड्डा भरायला आपल्याकडं काय आहे? लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेत (पीएमएफएमई) गटातल्या प्रत्येक सभासदामागं जास्तीत जास्त ४० हजार रुपये बीजभांडवल, खेळत्या भांडवलासाठी आणि लहान अवजारांसाठी. यंत्राला ३५ टक्के अनुदान वेगळं. बहुतेक गट यंत्राच्या मागं लागतात, आम्हीही लागलो होतो. आता आधी बीजभांडवल. अर्जाआधी योजना चालू आहे का, ते तालुक्याच्या 'उमेद' (बचतगटांचं सरकारी अभियान) कक्षात विचारून घ्या.

तिसरा दिवस थोडक्यात. सकाळी ऐरोलीला खाडीतले रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला गेलो. तिथं वनविभागाच्या केंद्रातून बोटफेरी असते. पण फेऱ्या भरती-ओहोटीवर ठरतात हे न बघता गेलो आणि चिखल बघून परत आलो. तुम्ही आधी बुकिंग करा. दुपारी बेलापूरला सिडकोचं अर्बन हाट, म्हणजे हस्तकलेचा बाजार. टेकडीवर आहे, रिक्षानंच जा. मेळा कधी आहे ते आधी विचारून घ्या, मधल्या दिवसांत शुकशुकाट असतो. आमच्या नशिबानं काही स्टॉल लागले होते. जव्हारकडच्या एका जोडप्याची वारली चित्रं होती. त्यातल्या वहिनी म्हणाल्या की विक्री रोख होते, पण स्टॉल, राहणं आणि न खपलेला माल परत न्यायचं भाडं धरल्याशिवाय फायदा मांडू नका. हस्तकलेवाल्या असाल तर कारागिरांचं 'पहचान' ओळखपत्र आधी काढा.

परतीला पनवेलहून रात्रीची एसटी. दोघींचा सगळा खर्च गटानं दिलेल्या पैशात भागला. नव्वद रुपये उरले, ते बैठकीत परत केले, नाहीतर तिसरी बैठक लागली असती.

घोडबंदरच्या दुकानाला आम्ही अजून कळवलेलं नाही. नौपाड्याच्या काकूंचा मात्र नवव्या दिवशी फोन आला, लहान भाकऱ्या झाल्या का म्हणून. लेबलं पंढरपूरला छापायला दिलीत. भाकरीचं माप अजून जमत नाही. जाऊबाईंनी परातीशेजारी स्टीलची ताटली उपडी ठेवलीय, तिच्याएवढीच थापायची. पहिल्या दोन बरोबर होतात. तिसरीपासून हात आपोआप पसरतो.