क्यू5 चे पुढचे ब्रेक: घाटउताराच्या हिशेबाने केलेले काम

गाडी जुन्या पिढीची ऑडी क्यू5, 3.0 टीडीआय (डिझेल), तिची जोडणी इथल्याच शेंद्र्याच्या कारखान्यातली. छत्रपती संभाजीनगरात आणि जालना रस्त्यावर तिच्या मूळ ब्रेकबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. प्रश्न उभा राहिला तो कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना, भरलेल्या ट्रकांमागे सतत पेडल दाबत राहावे लागल्यामुळे. खाली पोहोचेपर्यंत पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले आणि पॅडचा जळका वास येऊ लागला.

काम हाती घेण्यापूर्वी कागदावर मांडलेला हिशेब इथे देतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्याच्यावर उभे आहेत. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन 2,000 किलो मानले, तर ताशी 100 किमी वेगावरून पूर्ण थांबताना सुमारे 770 किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. तीच गाडी स्थिर वेगाने 100 मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे 1,960 किलोज्यूल मोकळे होतात, म्हणजे अशा अडीच थांब्यांएवढे, आणि इंजिनाने व हवेने जेवढे शोषले नाही तेवढे सगळे ब्रेकच्या वाट्याला येते. पूर्ण थांब्यातील सत्तर टक्के काम पुढच्या ब्रेकचे धरल्यास दहा किलोची बिडाची डिस्क दर थांब्याला जवळपास 60 अंशांनी तापते. तेरा किलोची असेल तर 45 अंशांनी. मोठ्या डिस्कचा खरा लाभ हा आहे. एबीएस (चाके जाम होऊ न देणारी प्रणाली) सुरू होईपर्यंत मूळ ब्रेक चाके दाबू शकत असतील, तर पहिल्या थांब्याचे अंतर टायर ठरवतात, आणि कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, लाल रंगवल्याने ते इंचभरही कमी होत नाही.

पेडल खोल जाण्यामागे तापून उकळलेल्या ब्रेक ऑइलमधली वाफ असू शकते, म्हणून सर्वात आधी ते ऑइल बदलले. डॉट 4 या प्रतीच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत 230 अंश आणि पाणी मुरल्यावर 155 अंश असतो; डॉट 5.1 साठी हेच आकडे 260 आणि 180 आहेत. आपल्याकडे मे महिन्याच्या 42 अंशांचा धसका सगळे घेतात, पण कित्येक शे अंश तापलेल्या डिस्कला हवेतल्या त्या पंधरा-वीस अंशांचा फारसा फरक पडत नाही. ऑइलचे नुकसान करतो तो पावसाळ्यातला दमटपणा. सिलिकोनचे डॉट 5 हे नावाने जवळचे वाटले तरी वेगळे द्रव्य आहे आणि ते या प्रणालीत घालायचे नाही.

त्यानंतर पुढच्या बाजूला एसक्यू5 ची, म्हणजे क्यू5 च्याच अधिक ताकदीच्या आवृत्तीची, 380 मिमी व्यासाची डिस्क व तिचे कॅलिपर बसवले. मूळ डिस्क 345 मिमीची होती. पिस्टन आणि दाब तेवढेच धरले तरी पॅडची पकड केंद्रापासून दूर गेल्याने पुढचा ब्रेकिंग टॉर्क साधारण बारा टक्क्यांनी वाढतो, आणि पुढच्या-मागच्या चाकांतील वाटणी त्या प्रमाणात पुढे सरकते. यापेक्षा मोठा बदल करून ईएसपीचे (गाडी घसरू न देणाऱ्या प्रणालीचे) मूळ गणित बिघडवण्याची माझी इच्छा नव्हती; त्याच कुटुंबातील गाडीचे भाग निवडण्याचे कारणही तेच. 18 इंची चाकांत हे सामान मावत नाही, त्यामुळे 19 इंची चाके घ्यावी लागली, आणि एकूण खर्चात तीच जास्त बोचली. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 लक्षात घेऊन अशा कामाआधी आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी, असे मी प्रत्येकाला सुचवेन.

बसवताना सर्वाधिक वेळ हबच्या, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागाच्या, साफसफाईत गेला. गंजाचा पातळसा पापुद्राही डिस्कला तिरके बसवतो, आणि ज्याला आपण ‘डिस्क वाकली’ म्हणतो ती थरथर बहुतेक वेळा तिथून सुरू होते: तिरकी डिस्क हजारो किलोमीटर एकाच जागी पॅडला घासत राहते आणि जाडी असमान होते. वाळूजच्या एका टूलरूममधील स्नेह्यांनी डायल गेज आणून दिला, रनआऊट (फिरताना डिस्कचे डगमगणे) 0.05 मिमीच्या आत येईपर्यंत डिस्क हबवर फिरवून बसवत राहिलो. या औद्योगिक पट्ट्यात राहण्याचा हा फायदा छंद जोपासणाऱ्यांनी जरूर घ्यावा.

नव्या पॅडची डिस्कशी बैठक ऑरिक या औद्योगिक वसाहतीच्या रुंद रस्त्यांवर पहाटे केली: ताशी 80 वरून 20 पर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचे नाही, पुन्हा वेग घ्यायचा, आणि शेवटी ब्रेकला हात न लावता बराच वेळ गाडी चालवून सगळे थंड होऊ द्यायचे. तापलेल्या अवस्थेत पेडल दाबून उभे राहिल्यास पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो.

घाटात आता पेडलची उंची खालपर्यंत टिकते, वासही येत नाही. मात्र उतारावर गिअर खाली ठेवण्याची सवय मी सोडलेली नाही, आणि तपासणीच्या फेरीत ती मुद्दाम बदललीही नाही, नाहीतर तुलनेला अर्थ उरला नसता. मागचे पॅड अजून मूळचेच आहेत. तिथे विजेवर चालणारा पार्किंग ब्रेक असल्याने पिस्टन नुसता दाबून आत जात नाही. निदान यंत्राने मोटर मागे घ्यावी लागते, आणि ते यंत्र हाती आले की पुढच्या पॅडच्याच घर्षण श्रेणीचे पॅड मागे बसवणार आहे.