आप्पांची अठ्ठावीस, माझी एकोणतीस

माझ्या माउंटन बाइकला एकच गिअर आहे. सस्पेन्शन पुढेही नाही, मागेही नाही. चाकं एकोणतीस इंची. सायकल मी स्वतः जुळवली, चाकांच्या तारासुद्धा स्वतः भरल्या, आणि गेली दोन वर्षं आठवड्यातून तीन सकाळी पुण्याच्या वेताळ टेकडीवर हीच चालवते. टेकडीवर भेटणारे लोक थांबवून विचारतात, "गिअर का काढले?" उत्तर लांब आहे, म्हणून लिहायला घेतलं.

आधी माझ्याकडे हीच फ्रेम होती, पण गिअर आणि पुढे सस्पेन्शन असलेली. एका पावसाळ्यात तिचा मागचा गिअर तीनदा दगडावर आपटला आणि तीनदा हँगर, म्हणजे तो गिअर फ्रेमला धरून ठेवणारी पट्टी, वाकला. सस्पेन्शनच्या सीलमधून तेल झिरपायला लागलं. सायकल चालवण्यापेक्षा दुकानाच्या फेऱ्या जास्त व्हायला लागल्या.

त्याच वर्षी गणपतीला वाईला गेले. पडवीत आमच्या आप्पांची काळी सायकल भिंतीला टेकून उभी होती. याच सायकलवर ते रोज भुईंजला कामाला जायचे. चेनला तेल सोडलं, हवा भरली आणि निघाले. पंधरा मिनिटांनी घाटावर गणपतीच्या देवळापाशी होते. एक गिअर, सस्पेन्शन नाही, मोठी चाकं. परत आल्यावर टेप घेऊन मापं काढत बसले. अठ्ठावीस इंची जुन्या सायकलची रिम, जिथे टायर बसतो तिथे, 635 मिलिमीटर असते. माझ्या एकोणतिशीची 622. म्हणजे 'मोठ्या चाकांची' म्हणून विकल्या जाणाऱ्या माझ्या सायकलची रिम आप्पांच्या सायकलपेक्षा 13 मिलिमीटरनं लहान! एकोणतीस हा आकडा जाड टायरमुळे येतो. रिम रस्त्यावरच्या रेसिंग सायकलच्याच मापाची.

माउंटन बाइकला इतकी वर्षं सव्वीस इंची चाकं होती, त्याला तसं कारणही नव्हतं. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियात मरीन काउंटीच्या डोंगरांवर ज्यांनी हा खेळ सुरू केला, त्यांच्या हाताला जुन्या अमेरिकन क्रूझर सायकली लागल्या आणि त्यांचे जाड टायर सव्वीसचे होते. 622च्या रिमवर बसेल असा खरा जाड, डोंगरी टायर डब्ल्यूटीबी या अमेरिकन कंपनीनं 1999 साली काढला, नॅनोरॅप्टर नावाचा. तिथून एकोणतिशी सुरू झाली. चाक मोठं असलं की दगडाला ते कमी उभ्या कोनात भिडतं आणि अडण्याऐवजी चढून जातं. वेताळ टेकडीवरच्या काळ्या कातळाच्या पायऱ्यांवर हा फरक मनगटांना लगेच कळतो.

फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, बदलणं सोपं गेलं. एकच गोष्ट सांभाळायची असते, ती म्हणजे एक्सलपासून (चाकाच्या आसापासून) वरच्या खांद्यापर्यंतची उंची. माझा जुना 100 मिलिमीटर दबणारा फोर्क 506चा होता. माणूस बसला की तो थोडा दबतोच, म्हणून मी 480चा सरळ स्टीलचा घेतला. याहून बराच बुटका घेतला असता तर पॅडल दगडांना लागली असती आणि हँडल अधीर झालं असतं. साधारण 20 मिलिमीटरला हँडलच्या नळीचा कोन एक अंशानं बदलतो, असा हिशोब धरतात.

चाकांनी मात्र दोन महिने खाल्ले.

मागचं हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, एकाच दातेरी चक्रीचं घेतलं. उजवीकडे गिअरचा गठ्ठा नसल्यानं हबच्या कडा दूरदूर ठेवता येतात, दोन्ही बाजूंच्या तारांवर जवळजवळ सारखा ताण येतो आणि चाक मजबूत होतं. तारा 32. तारेची लांबी काढायला रिमचा आतला व्यास लागतो. तो मी रिमच्या आतल्या पृष्ठभागापासून मोजला. खरं तर निपलचं (तार रिमला कसणाऱ्या छोट्या नटाचं) डोकं जिथे टेकतं, तिथपासून मोजायला हवा होता. हा फरक प्रत्येक बाजूला 3 मिलिमीटरचा निघाला.

ते कळलं कसं, तेही सांगते. रविवारी दुपारी फरशीवर चादर अंथरून मी पहिलं चाक भरलं. व्हॉल्व्हच्या भोकाशेजारून सुरुवात, आधी एका बाजूच्या आठ तारा, मग दुसऱ्या बाजूच्या आठ, मग हब पिरगाळून उलट दिशेच्या. प्रत्येक तार तिघींना ओलांडते, त्यातल्या तिसरीच्या पाठीमागून जाते. संध्याकाळपर्यंत बत्तीस तारा बसल्या, चाक हातात आलं, आणि मला इतका आनंद झाला की तसंच उचलून कोथरूडमधल्या आमच्या सायकलवाल्या मामांकडे आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायला नेलं. त्यांनी चाक स्टँडला लावलं, फिरवलं, थांबवलं, आणि एका निपलच्या खाली नखानं दाखवलं.

"ताई, हे बघा. आटे दिसतायत."

निपलच्या बाहेर तारेचे दोन आटे उघडे होते. प्रत्येक तारेला.

"दिसले तर काय होतं मामा?"

"तार निपलच्या डोक्यापर्यंत पोचली नाही. आज चालेल, उद्या खड्ड्यात डोकं तुटेल. तारा आखूड आणल्यात तुम्ही."

त्यांनी चाकाला हात लावला नाही. पैसेही घेतले नाहीत. म्हणाले, नव्या तारा आणा आणि इथेच बसून भरा. पुढचे चार शनिवार मी त्यांच्या दुकानात, ट्यूबच्या पाण्याच्या टबाशेजारी, लाकडी पाटावर बसून काढले. आऊट काढणं त्यांनीच शिकवलं. चाक उजवीकडे जात असेल तर डाव्या तारा कसायच्या, पण एकदम नाही, पाव फेरा. चाक वर उचलत असेल तर त्या जागच्या दोन्ही बाजूंच्या. आणि दर थोड्या वेळानं तारा दोन-दोन मुठीत धरून दाबायच्या. दाबल्या की आत पीळ सुटल्याचा कट्-कट् आवाज येतो, आऊट पुन्हा थोडा दिसायला लागतो, मग पुन्हा पाव फेरा. ताण मोजायचं यंत्र त्यांच्याकडे नाही. ते नखानं तार छेडतात. एका बाजूच्या सगळ्या तारा एका सुरात वाजल्या पाहिजेत. एखादी खालच्या सुरात बोलली की तिथे पाना लावायचा. तिसऱ्या शनिवारी तो सूर मलाही ऐकू यायला लागला. त्या चाकांचा आऊट दोन वर्षांत एकदाच काढावा लागला आहे.

मग चेन. एका गिअरच्या सायकलचा सगळा जीव चेनच्या ताणात असतो. आप्पांच्या सायकलला मागच्या एक्सलची खाच आडवी आहे. चाक मागे ओढायचं, नट आवळायचा, झालं. गिअरच्या फ्रेमची खाच उभी असते, चाक मागेपुढे सरकतच नाही. स्प्रिंगचा टेन्शनर लावता येतो, पण मला मागे पुन्हा काही लोंबकळायला नको होतं. म्हणून गणित केलं. मागच्या चक्रीचा एक दात वाढवला की एक्सल 3 मिलिमीटर मागे ओढल्याइतका ताण येतो. चेनची पूर्ण कडी, म्हणजे आतली-बाहेरची जोडी, काढली तर 12.7. पुढे 32 दात कायम ठेवून मागे 18 लावले: चेन झोळीसारखी. 19: तरीही सैलच. 20: बोटानं मधोमध दाबली तर अर्धा इंच खाली जाते, आणि तेवढीच जायला हवी. 32 आणि 20. फ्रेमनंच गिअर निवडून दिला असं म्हणायला हरकत नाही.

हा गिअर किती हलका, ते आप्पांच्या सायकलशी ताडून पाहिलं. तिला पुढे 44 आणि मागे 18 दात. तिच्या पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटर जाते; माझ्या सायकलवर पावणेचार. म्हणून सपाटीवर मी मागेच असते. मिनिटाला 90 फेरे मारले तरी ताशी 20 किलोमीटर, त्यापुढे पाय नुसते भिरभिरतात. पौड रस्त्यावर शाळेतली मुलं मला मागे टाकून जातात. मला त्याचं काही वाटत नाही, कारण माझी सायकल टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या चढापासून सुरू होते.

पहिले दोन महिने फार जड गेले. गिअर असताना मी चढ आला की बोटानं बटण दाबायचे आणि बसून राहायचे. आता चढ दिसण्याआधीच त्याची तयारी करावी लागते. वळणावर ब्रेक दाबला की तो वेग पुढच्या चढावर परत मिळत नाही, म्हणून वळण ब्रेकशिवाय घ्यायला शिकले. उभं राहून, हँडल एका हातानं ओढत आणि दुसऱ्यानं ढकलत, पाय एकाच जागी थांबलाय असं वाटेपर्यंत सावकाश चढायला शिकले. पोट आणि खांदे पायांइतकेच दुखतात. खाणीच्या वरच्या अंगाला तीन दगडी पायऱ्या आहेत, तिसरीवर मी पंधरावीस वेळा उतरले असेन. मग एका सकाळी पहिल्या पायरीआधी चार फेरे जोरात मारले, दुसरीवर वजन मागे घेतलं, आणि तिसरी चाकाखालून गेल्याचं मला ती गेल्यावर कळलं. वर गिरिपुष्पांच्या सावलीत थांबले तेव्हा हात थरथरत होते. जवळून चाललेल्या एक आजी म्हणाल्या, "पाणी पी गं बाळ."

सस्पेन्शनचं काम आता टायर करतो. 2.4 इंची, ट्यूबशिवाय, आत सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव. माझं वजन 58 किलो. हवेचा दाब पुढे 19 पीएसआय आणि मागे 22 ठेवते. बाभळीचा काटा लागला तर उपसायचा, चाक फिरवायचं, भोक बुजतं. मात्र पुण्याच्या उन्हाळ्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत वाळतं. एप्रिल-मेमध्ये ते न तपासता निघालात तर चालत परत याल.

गेल्या जुलैत त्याच पायऱ्यांवर चेन उतरली. चिखलानं ती घासून लांबली होती. मोजायची पद्धत सोपी आहे: चेनच्या पिनांवर स्टीलची पट्टी धरायची. नव्या चेनच्या आतल्या-बाहेरच्या सुट्या मोजलेल्या चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. एक षोडशांश इंच जास्त भरल्या की अर्धा टक्का झीज. माझ्या चेनच्या सगळ्या लांबीवर ती 6 मिलिमीटर होते, म्हणजे एक्सलला 3. आणि 3 मिलिमीटर म्हणजे एक दात. त्या संध्याकाळी मामांकडून 21ची चक्री आणली आणि जुनी चेन तिच्यावर चढवली. बोटानं दाबली, अर्धा इंच. शिवाय चिखलात एक दात हलका गिअर हवाच असतो.

तेव्हापासून हेच चाललंय. पावसाळ्यात झिजलेल्या चेनबरोबर 21, दिवाळीला नवी चेन आणि पुन्हा 20. आता आषाढ आहे. 21 लावून झाली, उद्या पाऊस थांबला तर साडेपाचला निघेन.