तुम्ही विचारलंत म्हणून: बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, मग बदललं काय?

रविवारी वंदना आटोपली की विहारात तरुण मुलं-मुली हे विचारतात. फ्लॅटमधले शेजारीही विचारतात, जरा संकोचून. "चारचौघांशी मिळतंजुळतं तर तुम्हीही घेता. मग दीक्षेनं माणूस बदलतो म्हणजे नेमकं काय होतं?"

मी पाहते ते एवढंच, की भोवतालचे लोक बदलल्यावर वागणं टिकतं का. नागपूरच्या इंदोरा वस्तीत असेपर्यंत रोज बुद्धवंदना, आणि बाहेरगावी नोकरी लागून नव्या सोसायटीत गेल्यावर घरात सत्यनारायण, असं होत असेल तर आधीची वंदनाही शेजाऱ्यांशी जुळवून घेणंच होतं. हे ऐकायला कठोर वाटतं. पण पांढरी साडी, पांढरा सदरा, भिंतीवरची तसबीर, "जय भीम" हे सगळं माणूस नुसतं पाहून पाहूनही उचलू शकतो. ते उचलावं, त्यात आपलेपणा आहे. फक्त त्याला परिवर्तन समजू नये.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी आधी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून स्वतः दीक्षा घेतली आणि मग जमलेल्या लाखो लोकांना ती दिली. त्रिशरण (बुद्ध, धम्म आणि संघाला शरण जाणं) आणि पंचशील (वागण्याचे पाच नियम) परंपरेतून आलेलं होतं. त्यावर न थांबता त्यांनी 22 प्रतिज्ञा दिल्या. हिंदू म्हणून मरणार नाही, ही येवल्याची घोषणा 13 ऑक्टोबर 1935 ची, म्हणजे मधे 21 वर्षं गेली होती. माणसं जुनं सगळं नव्या नावानं घेऊन येतील हा धोका त्यांना दिसत होता, असं त्या प्रतिज्ञा वाचताना जाणवतं. पाचवी प्रतिज्ञा तर थेट त्यावरच आहे: बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही. ती नसती तर बुद्धाची मूर्ती देव्हाऱ्यातल्या इतर देवांशेजारी बसली असती आणि घरातलं काहीच हललं नसतं.

प्रतिज्ञांचा क्रमही नीट पाहा. पहिल्या आठांत बहुतेक सोडायच्या गोष्टी आहेत: देवदेवता, अवतार, श्राद्धपक्ष, पिंडदान, ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म. नवव्या-दहाव्यात समता येते. पुढे अष्टांगिक मार्ग, दहा पारमिता (अंगी बाणवायचे सद्गुण), करुणा, मग चोरी, खोटं, व्यभिचार आणि सतरावीत दारू. अठरावीत प्रज्ञा, शील आणि करुणा यांची सांगड. "आज माझा नवा जन्म होत आहे" हे वाक्य येतं एकविसाव्या क्रमांकावर, बाविसावीत पुढच्या वागण्याचा शब्द द्यायचा असतो. आमच्याकडे बहुतेक घरांची गाडी आठव्या प्रतिज्ञेपाशी अडते. सोडायचं ते सोडलं जातं, कारण ते लोकांना दिसतं. नववीपासून पुढचं कोणी तपासत नाही.

लग्नाचंच बघा. मंगल परिणयाचा, म्हणजे बौद्ध पद्धतीच्या लग्नाचा विधी साधा असतो. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना फुलं, दीप, त्रिशरण-पंचशील, मग वर-वधूच्या प्रतिज्ञा. या प्रतिज्ञा सिगालोवाद सुत्तात बुद्धानं गृहस्थाला केलेल्या उपदेशावर बेतलेल्या आहेत: पतीची पाच कर्तव्यं, पत्नीची पाच. पतीनं तिचा सन्मान करावा, तिचा अवमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावं, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा, तिला दागिने-वस्त्रं द्यावीत. ध्वनिक्षेपकावर हे वाचून होतं आणि सगळे "साधू, साधू" म्हणतात. आता याच लग्नात काय काय बिघडलेलं असतं ते सांगते. तारीख ठरवताना कॅलेंडर उलटवून शुभ दिवस कोणता हे गुपचूप पाहिलेलं असतं. मुलीच्या बायोडाटात पोटजातीचा रकाना असतो आणि फोनवर पहिला प्रश्न त्याचाच होतो. "सर्व मनुष्यमात्र समान आहेत" ही नववी प्रतिज्ञा तिथंच मोडली. आदल्या रात्री हळदीला मंडपामागे बाटल्या निघतात आणि सकाळी त्याच ओठांनी पाचवं शील, दारू न पिण्याचं, म्हटलं जातं. वर्षभरानं विचारा, बँकेचं पासबुक कोणाजवळ आहे, तिच्या पगाराचा हिशेब कोण ठेवतं? चौथं कर्तव्य पाळलं जातंय की नाही, ते तिथं कळतं.

हे असं होतं कारण विधी एका तासात बदलता येतो, पण पोटजातीतला सोयरा सोडायचा तर मामा, काका, आत्या सगळ्यांशी बोलावं लागतं. म्हणून मी लग्न ठरवणाऱ्या घरांना तीनच गोष्टी सांगते. बायोडाटातला तो रकाना काढा. तारीख सुट्टी आणि सभागृह पाहून ठरवा, आणि कोणी विचारलं तर तसं मोठ्यानं सांगा. हळदीच्या रात्रीची जबाबदारी घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसावर आधीच नाव घेऊन सोपवा. "सगळे मिळून बघू" म्हटलं की त्या रात्री कोणीच बघत नाही.

मृत्यूनंतरचंही तसंच. सहावी प्रतिज्ञा श्राद्ध आणि पिंडदान नाकारते. घरात "तेरावं" म्हणत नाहीत, पुण्यानुमोदन म्हणतात. पण दिवस तेरावाच, जेवणावळ तीच, कर्जही तेच. सोयीच्या रविवारी वंदना ठेवावी, दोन माणसांनी गेलेल्याविषयी बोलावं आणि जेवणाच्या खर्चातून वस्तीतल्या अभ्यासिकेला पुस्तकं द्यावीत. एवढ्यानं होतं.

सगळं जुळवून घेणं वाईट असतं, असं मात्र मी मुळीच म्हणणार नाही. बऱ्याच तरुणांची इथं ओढाताण होते. सोसायटीत गणपती बसतो, वर्गणी मागतात, जेवायला बोलावतात. तिसरी प्रतिज्ञा शब्दशः वाचा: गौरी-गणपतीला देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही. शेजाऱ्यांच्या पंगतीला बसणार नाही, असं त्यात लिहिलेलं नाही. पंगतीला बसा, वाढायलाही उभे राहा. आरतीचं ताट हातात देऊ लागले तर "मी करत नाही" एवढं म्हणा, आवाज न चढवता, कारणांचं भाषण न देता. ऑफिसातल्या दसऱ्याच्या पूजेलाही हेच लागू. अडचण होते ती पहिल्या वर्षी टाळाटाळ करून निघून जाणाऱ्यांची. दरवर्षी नवं निमित्त शोधावं लागतं आणि एखाद्या वर्षी ताट हातात येतंच.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी 22 प्रतिज्ञा एकदम हाती घेऊ नयेत, असं माझं मत आहे. पंचशील म्हणतानाही आपण शिकण्यासाठी एक एक नियम स्वतः होऊन अंगीकारत असतो, कोणी आज्ञा देत नसतं. नवव्या ते अठराव्या प्रतिज्ञेतली एकच निवडा. ती कुठं मोडते ते महिनाभर वहीत लिहा: कोणता वार, कोण सोबत होतं, काय बोलणं झालं. दारूची प्रतिज्ञा बहुतेकांची ठरावीक दोन-तीन मित्रांसोबतच मोडते, खोट्याची दुकानात किंवा साहेबासमोर. ती जागा सापडली की तिथला बेत आधीच करता येतो. घरातल्या एकाला ती वही वाचू द्या.

आणि तान्ह्या पोळ्याचं, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचं विचारणाऱ्या आयांना: लेकरू लाकडी बैल घेऊन दारोदार बोजारा (खाऊ-पैसे) मागायला जात असेल तर जाऊ द्या. बैलाची पूजा करू नका, लेकराला शेतात कोण राबतं ते सांगा.