जुना रेडिओ, आत नवा जीव: अखेर ती शिट्टी बंद झाली

झालं एकदाचं. इंजिन चालू केलं की गाडीच्या जुन्या रेडिओतून येणारी शिट्टी गेली. इंजिन चालू, हेडलाइट चालू, व्हॉल्यूम शून्यावर, आणि स्पीकरमधून काहीच नाही. गेल्या अपडेटला ज्यांनी "अल्टरनेटर बदल" असा सल्ला दिला होता त्यांना नम्रपणे सांगतो की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा जनरेटर, निर्दोष सुटला.

ज्यांना मागचं आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन नॉब आणि मध्ये पाच बटणांचा तोच जुना रेडिओ, चेहरा तसाच ठेवून आतली सर्किटची पाटी काढलीय आणि तिथे टीडीए ७३८८ या चिपचा अँप्लिफायर नि ब्लूटूथ मॉड्यूल बसवलंय, डॅशबोर्डला एकही नवं भोक नाही. ऑन-ऑफ जुन्याच व्हॉल्यूमच्या खटक्यावर, पण त्याचे पातळ काँटॅक्ट अँपचा सगळा करंट झेलणार नाहीत म्हणून खटका फक्त रिले (मोठा करंट जोडणारा विजेवरचा स्विच) ओढतो.

तर शिट्टी. इंजिन बंद असलं की शांत, चालू केलं की कुईं, आणि रेस केली की सूरही वर चढायचा. आधी सगळे करतात तेच केलं, पॉवर लाइनला जाडजूड चोक (गोंगाट अडवणारी कॉइल) लावली, ढिम्म फरक नाही. मग ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे सिग्नलच्या वाटेत छोटे ट्रान्सफॉर्मर असलेली ती डबी. तिने शिट्टी कमी केली खरी पण खालचा बेसही खाल्ला, आणि माझं ठाम मत आहे की ती स्वस्तातली डबी म्हणजे दुखणं झाकायची पट्टी आहे, इलाज नाही.

खरा धागा मिळाला तो दोन गोष्टींवरून. एक, व्हॉल्यूम पूर्ण बंद केला तरी शिट्टी तेवढीच. म्हणजे ब्लूटूथकडून येत असती तर पॉटवर (व्हॉल्यूमच्या नॉबमागचा बदलता रेझिस्टर) अडली असती, ती पॉटच्या पुढे कुठेतरी शिरत होती. दोन, पार्किंग लाइट लावले की आवाज आणखी जाड व्हायचा. आता दिव्याचा आणि गाण्याचा संबंध काय? संबंध अर्थचा, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायच्या वाटेचा. डायलचा बल्ब, मीटरचे बल्ब, सगळ्यांचा परतीचा करंट डॅशच्या पत्र्यातून जातो आणि हा पत्रा बॉडीला गंजक्या स्क्रूंनी धरलेला असतो.

मग इंजिन चालू ठेवून व्हॉल्यूमच्या दांड्याचं नट सोडलं आणि पॉट वायरींसकट हातात हवेत धरला. शिट्टी गायब! रेडिओच्या पुढच्या पत्र्याला टेकवला की परत कुईं. टेकव, उचल, टेकव, उचल, लहान मुलासारखा खेळत बसलो. पॉट उलटा करून बघितला तर तिसरा पाय वाकवून त्याच्याच टोपणाला सोल्डर केलेला, मूळ रेडिओत बॉडी हाच अर्थ असल्यामुळे तेव्हा ते बरोबरच होतं. पण आता अँपची काळी वायर सरळ बॅटरीवर गेलीय आणि ऑडिओचा अर्थ पॉटमार्गे डॅशवरही टेकतोय, म्हणजे दोन वाटा, आणि त्या दोन वाटांमधला फरक अँप इमानेइतबारे मोठा करून ऐकवत होता. कटरने तो पाय टोपणापासून सोडवला, शील्डेड वायर (वर जाळीचं आवरण असलेली) ओढली, शील्ड फक्त अँपच्या टोकाला जोडलं. संपलं.

मग उरली बारीक चिरचिर, जी शिट्टीखाली आधी ऐकूच येत नव्हती. ती ब्लूटूथची, मॉड्यूलची पॉवर आणि ऑडिओ एकाच अर्थवर असले की हे होतंच. ५ व्होल्ट आत, ५ व्होल्ट बाहेर असा एक वॅटचा आयसोलेटेड कन्व्हर्टर, म्हणजे आतला आणि बाहेरचा अर्थ वेगळा ठेवणारा, मध्ये टाकला, आता कान लावूनही काही सापडत नाही. हा घ्याच, पण बघून घ्या, दिसायला सारखे पण आत आयसोलेशन नसलेलेही विकतात. मल्टीमीटरने आतल्या आणि बाहेरच्या मायनसमध्ये कंटिन्युइटी दिसली तर परत पाठवा.

मॉड्यूल मात्र रेडिओच्या डब्याच्या आत ठेवू नका, पत्र्याच्या डब्यात ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झ सिग्नलचा जीव गुदमरतो. मी डायलच्या काचेमागे उभं चिकटवलंय, वर कागदी स्केल असल्यामुळे दिसतही नाही. आणि ते जोडलं गेल्यावर बाई मोठ्याने "कनेक्टेड" ओरडते ते बंद करता येणारंच मॉड्यूल घ्या, नाहीतर सगळं सोंग पहिल्याच सेकंदाला उघडं पडतं.

स्पीकरबद्दल एकच. जुन्या वायरिंगमध्ये स्पीकरचं एक टोक बॉडीला असेल तर ते आधी तोडा. या चिपचे दोन्ही आउटपुट जिवंत असतात, एक बॉडीला लागला की ती प्रोटेक्शनमध्ये जाऊन गप्प बसते. मी मधल्या मूळ जाळीमागे दोन व्हॉइस कॉइलवाला एकच स्पीकर लावलाय, डावा-उजवा दोन्ही त्यात.

आता ट्यूनिंग नॉब. मागे म्हटलं होतं की तिथे रोटरी एन्कोडर (नॉब किती नि कुठे फिरला ते सांगणारा भाग) लावून पुढचं-मागचं गाणं करणार. पण काल जुनी ट्यूनिंगची यंत्रणा साफ करताना लक्षात आलं की यात गोल कंडेन्सर नाहीच, फेराइटच्या कांड्या कॉइलमध्ये आतबाहेर सरकतात आणि त्या जिच्यावर बसवल्यात ती छोटी सरकती गाडी सरळ रेषेत चालते! मग एन्कोडर कशाला? त्या गाडीला ३० मिमीचा स्लाइड पॉट (सरळ सरकणारा पॉट) जोडायचा, काटा जिथे उभा तिथली प्लेलिस्ट. आणि हे लिहिता लिहिता सुचतंय, ती पाच बटणं तर हीच गाडी यांत्रिकपणे ठरलेल्या जागी ढकलतात, म्हणजे बटणांना एक वायरही न जोडता पाच प्लेलिस्ट फुकट, आणि बटण बाहेर ओढून परत दाबलं की नवी जागा सेट, अगदी मूळ पद्धतीने. एन्कोडरचा प्लॅन रद्द.

मात्र यासाठी स्लाइड पॉट वाचून प्लेअरला हुकूम देणारा एक छोटा मायक्रोकंट्रोलर लागेल आणि गाणी मेमरी कार्डवर ठेवावी लागतील, ब्लूटूथ मग दुय्यम. दोन स्टेशनांच्या मध्ये काटा असताना खरखर ऐकवायची का? मला तर ऐकवायचीय. स्लाइड पॉट त्या गाडीला कोणी आधी जोडला असेल तर ब्रॅकेटचा फोटो टाका, माझ्याकडे मागच्या बाजूला जेमतेम बोटभर जागा आहे.