कुणाची वीत?

"आत्या, तूच म्हणालीस ना सहा वीत!" फळी कोनाड्यात मावेना तेव्हा भाचा म्हणाला. म्हणाले होते खरी. टेप सापडत नव्हती, म्हणून मी माझ्या वितीनं कोनाडा मोजला आणि फळी कापायचं काम त्याच्यावर सोपवलं. त्यानं आपली वीत लावली. माझी वीत २० सेंटीमीटरची, त्याची २२. सहा वितींत १२ सेंटीमीटर वाढले.

मग आम्ही फळी तशीच ठेवून एकमेकांचे हात मोजत बसलो. चार बोटं जुळवून आडवी धरायची, आणि कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत ती किती वेळा बसतात ते बघायचं. माझ्या हातावर सहा वेळा बसली. त्याचा हात माझ्यापेक्षा लांब, पण त्याची बोटंही रुंद, त्यामुळे त्याच्याही हातावर सहाच वेळा! म्हणजे चोवीस बोटांचा एक हात. अंगावरच्या मापांचं मला सगळ्यात आवडतं ते हेच. माणूस बदलला की माप बदलतं, पण मापामापांतलं नातं बरंचसं तसंच राहतं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही हेच गणित आहे: १२ अंगुळांची वितस्ती, म्हणजे आपली वीत, आणि २४ अंगुळांची अरत्नी, म्हणजे हात. प्राचीन इजिप्तमधला साधा हातही २४ बोटांचाच.

"पण बोट कुणाचं धरायचं?" भाच्यानं विचारलं. अगदी नेमका प्रश्न. अर्थशास्त्रात त्याचं उत्तर आहे: मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मधल्या बोटाची मधली रुंदी म्हणजे अंगुळ. नाहीतर जवाचे आठ दाणे, पोटाशी पोट लावून ठेवलेले. शरीरावर भागेना तेव्हा धान्याची साक्ष काढली, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

इजिप्तच्या लोकांनी हात काठीवर उतरवला. त्यांचा राजहात साध्या हातापेक्षा चार बोटांनी मोठा, २८ बोटांचा, सुमारे ५२.५ सेंटीमीटर. खुफूच्या पिरॅमिडची एक बाजू अशा ४४० हातांची आहे, म्हणजे जवळजवळ २३० मीटर. तुतनखामूनचा खजिनदार माया याची अशी लाकडी काठी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. अशा काठ्यांवर एकेका बोटाचेही भाग पाडलेले असतात: एकाचे दोन, पुढच्याचे तीन, असं करत करत सोळापर्यंत. तेहतीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी एका बोटाच्या रुंदीत सोळा घरं कोरत बसलं होतं, या विचारानं मी त्या संध्याकाळी बराच वेळ स्वतःचं बोट न्याहाळत राहिले.

फळी दुसऱ्या दिवशी कापली. या वेळी मापाला दोरी घेतली, कोनाड्यातच ताणून गाठ मारलेली.