पांडवलेणी: गोवर्धनच्या विणकरांकडची ठेव

नाशिकला मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी टेकडीवर पांडवलेणी ही बौद्ध लेणी आहेत. पायऱ्या चढून वर आलेली बहुतेक मंडळी मूर्ती बघतात, फोटो काढतात आणि उतरतात. या खेपेला मी थेट दहाव्या लेण्यात शिरलो. हे लेणं क्षहरात वंशातला क्षत्रप (शक राजा) नहपान याचा जावई उषवदात याने कोरवून घेतलेलं. दर्शनी खांबांच्या घंटाकृती शीर्षांवर जनावरांच्या जोड्या बसल्या आहेत, आणि व्हरांड्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतले लेख.

त्यातल्या एका लेखात चक्क व्याजाचा हिशोब आहे. उषवदाताने नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, 3,000 कार्षापणं (त्या काळची नाणी) कायमची ठेवली. 2,000 दरमहा शेकडा एक दराने, 1,000 शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढं वापरायचं. पहिल्या रकमेचं वर्षाचं व्याज होतं 240. ते वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, इथे राहणाऱ्या 20 भिक्षूंच्या चीवरांसाठी (वस्त्रांसाठी), प्रत्येकी 12. भागाकार चोख जुळतो! हा व्यवहार निगमसभेत (नगराच्या सभेत) जाहीर करून फलकावर नोंदवलाही गेला.

मला या ओळी कुठल्याही विजयगाथेपेक्षा मोलाच्या वाटतात. खजिना ज्याच्या घरचा, तो माणूस कायमची ठेव ठेवायला मागावर बसणाऱ्यांकडे जातो. त्यांची पत केवढी असेल! शिवाय कापडाला मागणी होती. त्या काळातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, इथून गाड्या भरून भडोच बंदराला जाणाऱ्या मालाची नोंद आहे. तगरच्या मालात साधं कापड भरपूर.

भडोचचं नाव याच लेण्यातही येतं. भडोच, दशपूर (आजचं मंदसोर), गोवर्धन, शूर्पारक (आपलं सोपारा) इथे उषवदाताने वाटसरूंसाठी निवारे बांधले. दमणगंगा, तापी अशा नद्यांवर पार जायला फुकट होड्या ठेवल्या. पुण्य तर खरंच, पण या सोयींनी व्यापाऱ्यांची वाटही सोपी झाली असणार. त्याची बायको दक्षमित्रा हिने दिलेल्या खोलीचा वेगळा लेख आहे, तो चुकवू नका.

तिसऱ्या लेण्यात पारडं फिरतं. गौतमी बलश्रीच्या लेखात तिचा मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, नहपानाचा क्षहरात वंश निःशेष करणारा म्हणून येतो. नाशिक जिल्ह्यातच जोगळटेंभीला 1906 मध्ये नहपानाची 13,000 हून जास्त चांदीची नाणी मिळाली. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. राजा बदलला, चांदी बाजारात फिरत राहिली.

वेळ असेल तर सतराव्या लेण्यातही जा. ते उत्तरेकडच्या दातामितीहून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाचं (म्हणजे ग्रीकाचं) दान आहे. लेणी उत्तरेकडे तोंड करून असल्याने आत उजेड बेताचाच, तेव्हा सोबत चांगली बॅटरी घ्या, आणि दहावं लेणं घाईत उरकू नका.