तुम्ही विचारलंत म्हणून : संक्रांतीचे हळदीकुंकू आणि आई

"रोज देवपूजा करता, चातुर्मास पाळता, आणि हळदीकुंकवाला विधवांना बोलावता? धर्माचे नियम आपल्या सोयीने निवडायचे का?" दर जानेवारीत कोणीतरी मला हे विचारतेच. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

वडील गेल्याचे वर्ष सरल्यानंतरची ती संक्रांत होती. आईने गुळाचा पाक केला, चटके सोसत तिळाचे सगळे लाडू वळले, वाणाच्या वाट्या पुसून ताटात लावल्या, आणि पहिली सवाष्ण दारात येताच स्वयंपाकघराचे दार आतून ओढून घेतले. तिला आत बसायला कोणी सांगितले नव्हते. वडिलांच्या अंत्यविधीच्या वेळी नात्यातल्या बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या, तेव्हा काच लागून तिचे मनगट रक्ताळले होते आणि मी शेजारी उभी राहून गप्प बसले होते. ते गप्प बसणे मला आजही सलते.

उपवास सोयीचा नसतो, तरी मी करते, कारण त्याची झळ मला स्वतःला लागते आणि ती मी राजीखुशीने सोसते. वैधव्याचे नियम मात्र पाळायचे एकीने आणि पाळून घ्यायचे इतरांनी, तेही तिचे दुःख ओले असताना. ज्या नियमाचा जाच सोसणाऱ्या बाईला कधी कोणी विचारलेच नाही, तो माझ्या देवाने घातला असेल हे मला पटत नाही.

केशवपनही एके काळी धर्मच मानले जात होते. १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवून विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असे ठरवले. त्या कामी कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांचा पुढाकार होता. आज अत्यंत सोवळ्या घरातही ती प्रथा परत आणा असे कोणी म्हणत नाही. आणि अलीकडचे पाहायचे तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा, असे परिपत्रक राज्य सरकारने काढले. ती बातमी मी आईला मोठ्याने वाचून दाखवली. तिने "पुन्हा वाच," एवढेच म्हटले.

पुढच्या संक्रांतीला मी तिला बैठकीच्या खोलीत बसवले. दोघीजणी वाण न घेताच उठून गेल्या. त्यांना मी अडवले नाही, पण पुढच्या वर्षीही बोलावले. आईने हळद लावून घेतली आणि कुंकवाच्या वेळी मात्र कपाळापुढे हात आडवा धरला. मी आग्रह केला नाही. मग लाडवांचा डबा मांडीवर घेऊन तिने आलेल्या प्रत्येकीच्या हातावर स्वतः तिळगूळ ठेवला.